पांगुळगाडा, वॉकर आणि एका शब्दाची गफलत

सिनॉप्सिस घेऊन गेलात की गाईड विचारतात, "तुम्ही नेमकं मोजणार काय?" या प्रश्नाची किंमत मला नायगावला ताईच्या घरी कळली. आठ महिन्यांचा भाचा वॉकरमध्ये, ताई दोन पावलांवर, आणि वॉकर ओसरीच्या पायरीवरून खाली! कपाळाच्या टेंगळावर निभावलं. आजी म्हणाली, "आमच्या वेळी पांगुळगाड्यानं कुणी पडत नव्हतं." पडत असणारच. पण तिच्या बोलण्यात एक फरक दडलेला होता.

पांगुळगाडा म्हणजे तीन चाकांचा लाकडी गाडा. लेकरू मागं उभं राहतं, दांडी धरून ढकलतं, दमलं की बसतं. वजन त्याचं, तोलही त्याचाच. ही वस्तू फक्त आपली नाही. व्हिएन्नाच्या संग्रहालयात हिएरोनिमस बॉशच्या पाचशे वर्षांपूर्वीच्या एका चित्रफलकाच्या पाठीमागं एक बाळ आहे. एका हातात भिरभिरं, दुसऱ्या हातानं गाडा ढकलतंय.

आजच्या वॉकरमध्ये मात्र मूल झोळीसारख्या बैठकीत लोंबकळतं आणि बोटांच्या टोकांनी जमीन रेटतं. त्याचा वेग सेकंदाला जवळपास एक मीटर जातो, म्हणून मोठं माणूस समोर असूनही अपघात होतात. अमेरिकेत १९९० ते २०१४ या काळात १५ महिन्यांखालची २,३०,६७६ मुलं वॉकरच्या इजांमुळे तातडीच्या विभागात आली. सुमारे तीन चतुर्थांश मुलं जिन्यावरून पडलेली, आणि दहातल्या नऊ जणांना मार डोक्याला किंवा मानेला. कॅनडानं तर एप्रिल २००४ मध्ये वॉकरच्या विक्रीवरच बंदी घातली.

"पण मूल लवकर चालतं ना?" हा दावा आयर्लंडमध्ये १९० बाळांवर तपासला गेला (२००२). वॉकरच्या एकूण दर २४ तासांच्या वापरामागे स्वतंत्र चालणं ३.३ दिवसांनी लांबलेलं दिसलं. इथं थांबा बरं का! हा एका वेळी केलेला पाहणी-अभ्यास आहे. तो संबंध दाखवतो, कारण सिद्ध करत नाही. व्हायव्हात नेमकं इथंच पकडतात.

आता समजा, तुम्ही नांदेड जिल्ह्यात प्रश्नावली घेऊन फिरलात: "पांगुळगाडा वापरला का?" आमच्याकडे प्लॅस्टिकच्या वॉकरलाही सर्रास पांगुळगाडाच म्हणतात. म्हणजे उत्तराच्या एकाच रकान्यात दोन वेगळी यंत्रं, आणि पुढचं सगळं संख्याशास्त्र वाया.

बाजारात आता तिसरी वस्तू आलीय: जागेवर उभी राहणारी खेळण्यांची बैठक आणि उड्या मारायचा जंपर. चाकं नाहीत, म्हणून जिन्याचा धोका टळतो. लोंबकळणं तेवढं राहतं. त्यामुळे बाळाची मान पक्की धरल्याशिवाय बसवू नये, आणि एका वेळी पंधरा-वीस मिनिटं पुरे. बैठक जमिनीवरच हवी, टेबलावर किंवा दिवाणावर नको. चौकटीला टांगायचा जंपर असेल तर पकड दर वेळी ओढून बघावी. मूल चालू लागलं की हे बंद.

ताईनं वॉकर माळ्यावर टाकलाय. भाचा सध्या सतरंजीवर रांगतो, आणि आजीनं सुताराला निरोप धाडलाय.