आगोटीची खरेदी आणि सहकारी भांडार

गतवर्षीच्या वार्षिक सभेत आपल्या ज्ञातीचे सहकारी धान्यभांडार काढावे, अशी सूचना काही तरुण बंधूंनी मांडली. सूचना स्तुत्य आहे. मात्र असे भांडार या किनाऱ्यास नवे नाही, आणि ते कोठे अडते हे आम्ही बालपणी घरातच पाहिले असल्यामुळे चार शब्द लिहिण्याचे धाडस करीत आहोत.

ग्राहकांच्या सहकाराचा पाया इंग्लंडातील रॉचडेल गावी घातला गेला. तेथील २८ कामकऱ्यांनी प्रत्येकी एक पौंड भाग घालून २१ डिसेंबर १८४४ रोजी दुकान मांडले. माल तो काय, तर पीठ, लोणी, साखर, ओट आणि मेणबत्त्या! नियम मात्र पक्के होते. माल शुद्ध, माप पूर्ण, भाव बाजाराचाच. नफा उरेल तो ज्याच्या त्याच्या खरेदीच्या प्रमाणात परत. भाग कितीही असोत, मत एकच. आणि उधारी कोणासही नाही. पुढील सर्व इमारत या शेवटच्या नियमावर उभी राहिली, असे आमचे मत आहे.

आपल्या देशात १९०४ चा सहकारी कायदा पतसंस्थांपुरताच होता. भांडारांची वाट १९१२ च्या कायद्याने मोकळी झाली. ज्ञातीच्या सहकाराचे ठळक उदाहरण सारस्वतांचे. श्रीपाद सुब्बराव तल्मकी यांनी १९०६ साली मुंबईत शामराव विठ्ठल पतसंस्था स्थापिली, आणि १९१५ साली गावदेवीस त्यांची गृहनिर्माण संस्था निघाली. पत व घर यांत ज्ञातीचा जिव्हाळा उपयोगी पडतो, कारण हप्ता चुकविणाऱ्यास ज्ञातीत तोंड दाखवावयाचे असते. दुकानात तोच जिव्हाळा उलटतो.

मुंबईत १९४३ साली रेशनिंग आले. १९४८ साली नायगावात गिरणीकामगारांनी छोटेसे सहकारी दुकान काढले. त्यातूनच पुढे 'अपना बाजार' उभा राहिला. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर भाववाढ रोखण्यासाठी मध्यवर्ती सरकारने ग्राहकभांडारांची योजना आखली. त्या सुमारास आमच्या गावीही भांडार उघडले. आपला जिल्हा तेव्हा कुलाबा म्हणून ओळखला जाई. रायगड हे नाव १९८१ चे.

मातोश्रींचे बोट धरून आम्ही तेथे जात असू. भिंतीवर भावांचा फलक होता. वाण्याकडे खाते असल्यामुळे मातोश्रींनी आजवर कधी भाव विचारला नव्हता. देणेकऱ्याने भाव कोणत्या तोंडाने विचारावा? येथे त्या फलक वाचून घेत, आणि मग तूरडाळ व गोडेतेल मागत. पहिल्या वर्षाचा परतावा एक रुपया साठ पैसे मिळाला. त्याचे त्यांनी मीठ घेतले.

पण आमच्या किनाऱ्यावर आगोट असते. पाऊस लागण्यापूर्वी चार महिन्यांचे धान्य, मीठ, मिरची, सुकी मासळी व सरपण भरावयाचे. होड्या नारळी पौर्णिमेपर्यंत ओढून ठेवलेल्या, भात हाती येणार दिवाळीस. म्हणजे खरेदी सर्वांत मोठी तेव्हाच रोकड सर्वांत कमी. वाणी आगोटीस उधार देई व खळ्यावर भाताने वसूल करी. भाव दोन्ही वेळी त्याचाच. तरी सभासद ज्येष्ठात त्याच्याकडे परतले, आणि भांडारातून साखर व रॉकेल तेवढे नेऊ लागले.

मग पंचांनी नियम सैल केला. आमचे तीर्थरूप पंचांपैकी एक होते, आणि उधारीचे पहिले दोन पोती तांदूळ आमच्याच ओटीवर उतरले, हे येथे नमूद करणे आम्ही कर्तव्य समजतो. पंचाच्या घरी उधार गेल्यावर शेजाऱ्यास नाही कोण म्हणणार? आप्ताच्या दारी तगादा लावावयास कोण जाणार? तिसऱ्या पावसाळ्यात फडताळे रिकामी झाली. भागाची रक्कम कोणास परत मिळाली नाही.

१९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने निराळी वाट काढली. शेजारी कुटुंबांचे संघ मागणी आगाऊ नोंदवितात, माल एकत्र खरेदी होऊन वाटला जातो. दुकान नाही व पडून राहणारा मालही नाही. आपल्या भांडारास ही पद्धत अधिक मानवेल. तीस जोड म्हणून दिवाळीपासून चैत्रापर्यंत प्रत्येक घराने दरमहा आगोटीची ठेव ठेवावी. पंचांच्या घरांनी ती प्रथम भरावी. येत्या सभेत दुकानाच्या जागेचा विचार होण्यापूर्वी या ठेवीचा ठराव घ्यावा, अशी आमची नम्र विनंती आहे.