प्लॅटिनमच्या तारेपासून इरिडियमच्या मुलाम्यापर्यंत

ग्रीन हायड्रोजनच्या बातम्यांमध्ये हजारो कोटींचे आकडे असतात. पण या सगळ्या खेळाचं भवितव्य ज्यावर अवलंबून आहे तो आकडा मिलिग्रॅममध्ये आहे. त्याची गोष्ट सव्वादोनशे वर्षं जुनी आहे. पोस्ट थोडी मोठी आहे, पण वाचा.

साल १८००. व्होल्टाच्या बॅटरीचा शोध नुकताच लागला होता. लंडनमध्ये निकोल्सन आणि कार्लाइल या दोघांनी तिच्या पितळी तारा पाण्यात सोडल्या. एका तारेवर हायड्रोजनचे बुडबुडे आले, दुसरी तार मात्र खराब व्हायला लागली. तिथला ऑक्सिजन बाहेर न पडता तारेलाच खात होता. मग त्यांनी प्लॅटिनमच्या तारा लावल्या आणि दोन्हीकडून वायू निघाला. वीज वापरून पाणी फोडता येतं हे कळलं. पण ऑक्सिजनच्या बाजूला साधासुधा धातू टिकत नाही, हे या धंद्याचं जुनं दुखणंही तिथेच दिसलं.

१८३९ मध्ये विल्यम ग्रोव्हनं जस्त आणि प्लॅटिनमची बॅटरी बनवली. होती दमदार, पण प्लॅटिनम परवडणार कुणाला? दोनच वर्षांत जर्मनीत बुन्सेननं प्लॅटिनम काढून तिथे कार्बन बसवला. स्वस्तात काम झालं. हे लक्षात ठेवा, कारण हाच प्रकार पुढे परत परत घडलाय.

वाऱ्याची वीज साठवणं ही आजची कल्पना आहे असं वाटतं ना? डेन्मार्कमधल्या अॅस्कोव्ह गावात पॉल ला कूर यानं १८९० च्या दशकात पवनचक्कीच्या विजेनं पाणी फोडून हायड्रोजन साठवला आणि त्यावर शाळेतले दिवे लावले.

मग आला अंतराळाचा जमाना. १९६५ मध्ये जेमिनी ५ या यानात जनरल इलेक्ट्रिकचे फ्युएल सेल गेले. आत प्लास्टिकसारखा पातळ पडदा आणि त्यावर प्लॅटिनम. अपोलोसाठी मात्र इंग्लंडच्या फ्रान्सिस बेकनची पद्धत निवडली गेली. त्यात अल्कली होती, त्यामुळे निकेलवर भागत होतं. आज बाजारात हीच दोन घराणी आहेत: आम्लधर्मी पडद्याचं 'पेम' आणि अल्कलाइन.

त्याच दशकात आंरी बीअर यानं टायटॅनियमवर रुथेनियम ऑक्साइडचा पातळ थर देऊन क्लोरीन कारखान्यांसाठी इलेक्ट्रोड बनवले. आपण तांब्या-पितळेच्या भांड्याला कल्हई करतो, तसंच म्हणा. अंग साध्या धातूचं, फक्त वरचा थर भारी. अख्खा धातू मौल्यवान असायची गरज नाही, हे तिथे पक्कं झालं. पुढे १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या लॉस अॅलमॉस प्रयोगशाळेनं फ्युएल सेलमधलं प्लॅटिनम दर चौरस सेंटिमीटरला ४ मिलिग्रॅमवरून ०.४ वर आणलं. दहापट बचत.

मग आज अडलंय कुठे? इरिडियमवर.

सौर आणि पवन वीज सतत कमीजास्त होते. पेम यंत्र तिच्याशी चटकन जुळवून घेतं, म्हणून ते हवंसं वाटतं. पण त्यातलं वातावरण आम्लाचं असतं. ऑक्सिजनच्या बाजूला निकेल, लोखंड विरघळून जातं, आणि कामही करेल, टिकेलही असं इरिडियमइतकं दुसरं काही अजून हाताशी नाही. आतल्या टायटॅनियमच्या पट्ट्यांवरही वीज न वाहू देणारा ऑक्साइडचा थर चढतो, म्हणून त्यांना प्लॅटिनम किंवा सोन्याचा मुलामा द्यावा लागतो.

आणि इरिडियम जगभरात वर्षाला निघतं साधारण ७ ते ८ टन. तेही बहुतेक दक्षिण आफ्रिकेत, प्लॅटिनमच्या खाणींतला जोडधातू म्हणून. त्यामुळे मागणी वाढली म्हणून उत्पादन वाढत नाही. २०२० च्या सुरुवातीला औंसाला साधारण १,५०० डॉलर असलेला भाव २०२१ मध्ये ६,००० च्या वर गेला होता.

आता आपला हिशोब. केंद्र सरकारनं जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटींचं हायड्रोजन मिशन मंजूर केलं. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं लक्ष्य आहे. त्याच वर्षी महाराष्ट्रानंही आपलं हायड्रोजन धोरण आणलं. एवढ्या हायड्रोजनसाठी निदान ६० गिगावॅटची यंत्रं लागतील. सगळी पेमची घेतली आणि आजच्यासारखं गिगावॅटला ४०० किलो इरिडियम धरलं, तर २४ टन होतात. म्हणजे सगळ्या जगाचं तीन वर्षांचं उत्पादन एकट्या भारताला! शिवाय स्पार्क प्लग आणि इतर उद्योगांनाही इरिडियम लागतंच.

याचा अर्थ हायड्रोजन सोडून द्या असा अजिबात नाही. इतिहास उलटंच सांगतो. बुन्सेननं प्लॅटिनम हटवलं, बेकननं निकेलवर काम भागवलं, बीअरनं मुलाम्यावर निभावलं. पण हे आपोआप झालं नाही, प्रयोगशाळेत घाम गाळून झालं.

म्हणून आपल्या लोकप्रतिनिधींना कारखान्याच्या भूमिपूजनाची तारीख विचाराल तेव्हा आणखी तीन प्रश्न विचारा. यंत्र अल्कलाइन की पेम? पेम असेल तर इरिडियम कुठून, कोणत्या भावानं? आणि मुलामा पातळ करण्याच्या, जुन्या यंत्रांतून धातू परत काढण्याच्या संशोधनावर या हजारो कोटींतले किती खर्च होणार? तेलासाठी आखाताकडे बघत आपली कितीतरी वर्षं गेली. आता एका धातूसाठी दुसऱ्या दाराशी उभं राहायचं नसेल, तर हे आजच विचारायला हवं.