लेथच्या नाकाचे माप

साकीनाक्याच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये माझ्या ओळखीच्या एका टर्नरचा गाळा आहे. आमच्या प्रयोगशाळेत निर्वात उपकरणांना लागणारी फ्लँज मी बरीच वर्षे त्यांच्याकडूनच कातून घेतो. गेल्या वर्षी त्यांनी कर्ज काढून एक वापरलेला सीएनसी लेथ घ्यायचे ठरवले. त्यांच्याकडे २०० मिलिमीटरचा, म्हणजे आठ इंची, एक चांगला चक आधीच पडून होता. चकच्या पाठीमागे ‘ए२-६’ असे कोरलेले, तर लेथच्या कागदावर ‘ए२-५’ लिहिलेले. ते मला म्हणाले, “सर, पाच आणि सहा. एका आकड्याचा तर फरक. बसेल ना?”

मी पदार्थविज्ञानाचा माणूस. पटकन उत्तर देता आले नाही. शोध घेऊ लागलो, तेव्हा त्या एका आकड्यामागे बराच मोठा इतिहास सापडला.

लेथमध्ये जो दांडा फिरतो तो स्पिंडल. सूतकताईच्या चातीलाही इंग्रजीत हाच शब्द आहे, आणि मराठीत तर सूतही आपण काततो व लोखंडही कातून घेतो. या दांड्याचे पुढचे टोक म्हणजे त्याचे नाक. नाकावर चक बसतो, चकच्या जबड्यात जॉब धरला जातो. चक नाकावर कसा बसवायचा, एवढाच आपला प्रश्न.

पहिले उत्तर सोपे होते: नाकावर आटे पाडायचे आणि चक नटासारखा फिरवून बसवायचा. आटे उजवे असल्यामुळे कापताना धातूचा विरोध चकला अधिकच घट्ट करतो. पण स्पिंडल एकदम थांबवला तर? जड चक जडत्वामुळे फिरतच राहू पाहतो, आणि ती दिशा नेमकी आटे सुटण्याची असते. माझे मामा १९७०च्या दशकात घाटकोपरला लाल बहादूर शास्त्री मार्गालगतच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये टर्नर होते. एकदा घाईत त्यांनी मशीन झटक्यात उलटे फिरवले. चक सुटला, बेडवर आदळला आणि तिथून खाली, त्यांच्या बुटापासून वीतभर अंतरावर पडला. “अरे, त्या दिवसापासून उलटा गिअर टाकताना माझा हात आपोआप थांबायचा,” असे ते अजून सांगतात. वर्गात न्यूटनचा पहिला नियम शिकवताना बसमधल्या धक्क्याचे उदाहरण आपण नेहमी देतो; हेही द्यायला हरकत नाही.

आट्यांचा दुसरा दोष असा की प्रत्येक कारखानदाराचे आटे वेगळे. व्हिटवर्थने १८४१ मध्ये इंग्लंडात ५५ अंशांच्या आट्यांचे प्रमाण सुचवले, सेलर्सने १८६४ मध्ये अमेरिकेत ६० अंशांचे. नाकाचा व्यास किती आणि इंचाला आटे किती, हे तर ज्याने त्याने आपल्या मर्जीने ठरवले. मुंबईत विलायती, अमेरिकन, जर्मन अशी सगळी मशिने येत. आपल्याकडेही लेथ बनू लागले. एके काळी मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. त्याच घराण्याची म्हैसूर किर्लोस्कर ही कंपनी १९४१ मध्ये हरिहरला निघाली आणि लेथसाठी नावाजली गेली. १९५३ मध्ये स्वित्झर्लंडच्या ओर्लिकॉनच्या सहकार्याने बंगळूरला एचएमटी सुरू झाली. एका गाळ्यात तीन देशांचे तीन लेथ असले की एकाचा चक दुसऱ्याला चालत नसे. मग बीडाची बॅकप्लेट आणून, त्याच मशीनवर आटे पाडून, चक जोडून घ्यायचा, हा उपनगरातल्या टर्नरचा नेहमीचा उद्योग होता.

आट्यांऐवजी शंकू, हा पुढचा विचार. लांब शंकू, एक चावी आणि मागून ओढणारी रिंग अशी ‘एल’ पद्धत आली. मग ‘डी१’, अर्थात कॅमलॉक: चकच्या पाठीला तीन किंवा सहा खुंट्या, त्या नाकात शिरतात आणि पान्याने कॅम फिरवला की आत ओढल्या जातात. स्पिंडल उलटा फिरवा, ब्रेक लावा. चक सुटत नाही. मामांच्या नंतरच्या नोकरीत असा लेथ होता. ‘ए२’ पद्धतीत खुंट्या नाहीत, सरळ बोल्ट आहेत. चक काढायला वेळ लागतो, पण पकड फार ताठ. १९५२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत आकड्यांच्या आज्ञेवर चालणारे मिलिंग मशीन दाखवले गेले, आणि त्याच वाटेने पुढे सीएनसी लेथ आले. त्यांवर चक सहसा काढत नाहीत, फक्त जॉ बदलतात. झटपट सुटण्याची सोय तिथे कुणाला नको होती; ताठपणा हवा होता.

आता त्या शंकूकडे जरा नीट पाहू. डी१ आणि ए२ या दोहोंचा शंकू आखूड आणि १:४ उताराचा असतो, म्हणजे ४ मिलिमीटर लांबीत व्यास १ मिलिमीटरने बदलतो. प्रयोगशाळेतल्या घासलेल्या काचेच्या बुचाचा उतार १:१० असतो, म्हणून ते बूच अडकून बसते, हे रसायनाच्या शिक्षकांना चांगलेच ठाऊक आहे. १:४ उतार त्याहून पुष्कळ जास्त, त्यामुळे हलक्या ठोक्याने चक सुटतो. पण खरी गंमत पुढेच आहे. चक शंकूवरही टेकला पाहिजे आणि त्यामागच्या सपाट फ्लँजवरही. शंकू चकला मध्यावर आणतो, फ्लँज त्याला डोलू देत नाही. दोन्ही एकाच वेळी कसे टेकणार? व्यासात ०.०१ मिलिमीटर चूक झाली तर चक ०.०४ मिलिमीटर पुढेमागे होतो. म्हणून शंकू अगदी किंचित तंग ठेवतात. बोल्ट आवळले की पोलाद केसाच्या अंशाने ताणले जाते आणि मग फ्लँज टेकते. पोलादही लवचीक असते, हे इथे गृहीतच धरले आहे!

आणि तो आकडा? तो चकचा व्यास नव्हे, हे आधी ध्यानात घ्यावे. गफलत तिथेच होते. तो नाकाच्या फ्लँजचा इंचातला व्यास आहे, वरचा अपूर्णांक सोडून. पाच नंबरची फ्लँज १३३ मिलिमीटर, म्हणजे सव्वापाच इंच. सहाची १६५, साडेसहा इंच. आठची २१०, सव्वाआठ इंच. पाच नंबरच्या शंकूचा व्यास आंतरराष्ट्रीय प्रमाणात ८२.५६३ मिलिमीटर छापलेला असतो. हा विचित्र आकडा कुठून आला? सव्वातीन इंच म्हणजे ८२.५५०, उरलेला ०.०१३ म्हणजे कारागिरांच्या भाषेत अर्धा थाऊ, इंचाच्या हजाराव्या भागाचा अर्धा. आपल्याकडे १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे आली, तरी बाजारात सळई अजून सुतात मागतात. आयएसओचेही तसेच आहे म्हणायचे.

सहा नंबरचा शंकू १०६.३७५ मिलिमीटरचा. तेव्हा तो चक पाचच्या नाकावर थेट बसणे शक्य नव्हते. मध्ये अडॅप्टर प्लेट घालता येते, विकणाऱ्याने तसे सुचवलेही होते. पण प्लेटच्या जाडीइतका चक बेअरिंगपासून पुढे सरकतो, वजन वाढते, आणि तरफेच्या नियमाने स्पिंडल अधिक वाकतो. शिवाय पाच नंबरचे मशीन मुळात १६५ मिलिमीटरच्या, सहा इंची चकसाठी आखलेले असते. त्याची बेअरिंग आणि मोटर त्याच हिशोबाची. नाकाच्या आकड्याबरोबर स्पिंडलचे भोकही ठरत जाते, म्हणजे मागून किती जाडीची सळई घालता येईल तेही.

मी त्यांना एवढेच विचारले, “तुमचे वर्षभराचे जॉब केवढे असतात?” त्यांनी वही काढली. निम्म्याहून अधिक काम साठ मिलिमीटरच्या आतल्या बुशांचे होते. मोठ्या व्यासाचे नियमित काम एकच निघाले: माझी फ्लँज.

त्यांनी पाच नंबरचेच मशीन घेतले, त्याला सहा इंची चक घेतला आणि आठ इंची विकून टाकला. माझी फ्लँज ते अजून कोपऱ्यातल्या जुन्या लेथवर करतात. त्याच्या नाकाला आटे आहेत.