नव्या वॉर्डातली सिस्टर

श्रोतेहो, गेल्या पावसाळ्यात आम्ही आठ दिवस एका रुग्णालयात होतो. तिसऱ्या रात्री वॉर्डात एक नवी सिस्टर आली. परगावची, तीन महिन्यांच्या करारावर आलेली. हात इतका सराईत, की सुई टोचलेली आम्हांला कळलीसुद्धा नाही. पण सलाईनच्या बाटल्या कोणत्या कपाटात, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. विचारलं की जुन्या सिस्टर म्हणायच्या, "असतील तिथेच, बघा." काम येणं वेगळं आणि नव्या जागी ते करू दिलं जाणं वेगळं, हे त्या रात्री आमच्या ध्यानात आलं. याचाच इतिहासातला एक दाखला आज पाहू.

साल 1854. क्रिमियाचं युद्ध चाललेलं. एका बाजूला रशिया, दुसऱ्या बाजूला तुर्कस्तान, ब्रिटन आणि फ्रान्स. जखमी इंग्रज शिपायांचे हाल लंडनच्या 'टाइम्स'मध्ये छापून आले आणि लोक खवळले. मंत्री सिडनी हर्बर्ट यांनी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांना परिचारिका घेऊन जायला सांगितलं. बाईंचं वय तेव्हा 34. ऑक्टोबरच्या 21 तारखेला त्या 38 जणींना घेऊन निघाल्या. त्यात 10 कॅथलिक जोगिणी, 14 अँग्लिकन पंथाच्या संस्थांतल्या, आणि उरलेल्या 14 साध्या रुग्णालयांत पगारावर काम केलेल्या. म्हणजे बघा, आपसातसुद्धा एकमेकींना नव्याच.

4 नोव्हेंबरला त्या स्कुटारीला पोचल्या. हे आजच्या इस्तंबूलमधलं उस्कुदार. तिथल्या तुर्की बराकीचं इंग्रजांनी रुग्णालय केलं होतं. उंदीर, पिसवा, तुंबलेली गटारं, आणि शिपाई ओळीनं पडलेले. आपल्याला वाटेल, यांचं स्वागत झालं असेल. झालं उलटंच. लष्करी डॉक्टरांना बायका नको होत्या. 'टाइम्स'मधल्या बोभाट्यानंतर आलेल्या, मंत्र्यांच्या ओळखीच्या. म्हणजे आपल्यावर देखरेख करायलाच आल्या, असा त्यांचा समज. शिवाय आजवर आमचं अडलं होतं का, हा प्रश्न होताच. तो प्रत्येक जुना माणूस नव्याला विचारतो.

नाइटिंगेलबाईंनी काय केलं? भांडल्या नाहीत. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय कुणीही रोग्याला हात लावायचा नाही, अशी त्यांनी आपल्याच बायकांना ताकीद दिली. बरोबर पैसा होता, सामान होतं. पण डॉक्टरांची मागणी आल्याखेरीज ते बाहेर काढायचं नाही. पहिले दिवस त्या बायका सदरे आणि उशा शिवत बसल्या. पलीकडे माणसं कण्हत होती.

आता इथे आम्हांला, तत्त्वज्ञान शिकवत आयुष्य गेलेल्या माणसाला, थांबावंच लागतं. कांट सांगतो, की माणसाला निव्वळ साधन म्हणून वापरू नये. मग बाईंनी डॉक्टरांचा विश्वास मिळवण्यासाठी त्या कण्हणाऱ्या शिपायाला साधन केलं, असं होत नाही का? आम्ही हे पुष्कळदा उलटसुलट करून पाहिलं आहे. परवानगीवाचून वॉर्डात शिरल्या असत्या, तर दोन दिवसांत सगळ्यांची रवानगी झाली असती आणि पुढच्या हजारोंना कुणीच मिळालं नसतं. हे खरं. पण त्या दिवसांत जो तहानलेला राहिला, त्याला हा हिशेब सांगून काय उपयोग? बाईंचा निर्णय आम्हांला बरोबर वाटतो. पण तो फुकटचा नव्हता, आणि त्याची किंमत त्यांनी एकट्यांनी मोजली नाही.

5 नोव्हेंबरला इंकरमनची लढाई झाली. जखमींची जहाजं येऊन लागली, जागा पुरेना, आणि त्याच डॉक्टरांनी या बायकांना बोलावलं. दार उघडलं ते असं, गरजेनं.

गोष्ट इथे संपवायची पद्धत आहे. पण पुढचा भाग महत्त्वाचा आहे. डिसेंबरात इंग्लंडहून दुसरी तुकडी आली, चाळीसहून जास्त जणींची. पुढारी मेरी स्टॅन्ली, खुद्द नाइटिंगेलबाईंची मैत्रीण. आणि बाई संतापल्या. मला न विचारता पाठवल्या कशा? राहायला जागा कुठे आहे? त्यांनी हर्बर्टना खरमरीत पत्र लिहिलं, आणि नव्या बायकांना तिष्ठत राहावं लागलं. बाईंची कारणं खोटी नव्हती. जागा खरोखरच नव्हती, आणि डॉक्टरांचा मोठ्या कष्टानं मिळवलेला विश्वास नाजूक होता. पण डॉक्टरांची कारणं तरी त्यांना स्वतःला खोटी वाटत होती का? सहा आठवडे. नवा माणूस जुना व्हायला एवढा वेळ पुरतो, मोठ्या माणसालासुद्धा.

आता आमच्या वॉर्डाकडे परत येऊ. जुन्या सिस्टरना नावं ठेवणं सोपं आहे. पण तीन दिवस पडून पडून सलाईनचं कपाट कुठलं, हे आम्हांलाही कळलं होतं. खिडकीजवळचं, खालचा कप्पा. नवी सिस्टर दोनदा आमच्या खाटेपुढून शोधत गेली. रोग्यानं कशाला मधे बोलावं, म्हणून आम्ही गप्प राहिलो. तिसऱ्या वेळी सांगितलं. तिनं "थँक्यू, बाबा" म्हटलं आणि पळाली, कारण पलीकडच्या खाटेवरची बाटली संपत आली होती.

त्या पहिल्या दोन खेपांचं आम्हांला अजून वाईट वाटतं. असो. कुणाला काही विचारायचं असेल, तर आता विचारा.