शाळेच्या दारातील क्लब : शिकागो ते वाशी

१/ नवी मुंबईतील एखाद्या महापालिका शाळेत किंवा गावठाणातील जुन्या शाळेत गेल्यास भिंतीवर, पाण्याच्या टाकीवर, बाकांच्या पाठीवर एखादे दातेरी चाक किंवा दोन सिंहमुखे हमखास दिसतात. पहिले रोटरीचे चिन्ह, दुसरे लायन्सचे. खाडीकाठच्या या शहरात ही चिन्हे शाळेपर्यंत कशी पोहोचली आणि शाळाच का निवडली गेली, याचा हा धागा.

२/ आरंभ शिकागोत. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी पॉल हॅरिस हा वकील आणि त्याचे तीन परिचित (एक कोळसा व्यापारी, एक खाण अभियंता, एक शिंपी) युनिटी बिल्डिंगमधील ७११ क्रमांकाच्या खोलीत जमले. गावाकडून आलेल्या हॅरिसला अफाट शहरात ओळखीची माणसे हवी होती, एवढाच हेतू. सभा पाळीपाळीने प्रत्येकाच्या कचेरीत फिरत असे, म्हणून नाव पडले रोटरी. सेवेचा विचार नंतरचा. आधी होता एकटेपणा.

३/ त्याच वर्षी १२ जून रोजी पुण्यात गोपाळ कृष्ण गोखल्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला. दोन्ही संस्थांच्या केंद्रस्थानी 'सेवा' हा शब्द आला, पण त्यांची जातकुळी भिन्न. गोखल्यांच्या समाजात प्रवेश करणारा शपथ घेई की स्वतःसाठी पैसा मिळवण्यात शक्ती खर्च करणार नाही, समाज देईल त्या मानधनावर कुटुंब चालवीन. रोटरीत मात्र आपापल्या धंद्यात स्थिरावलेला माणूसच घेतला जाई. एकाने आयुष्य द्यावे, दुसऱ्याने आठवड्यातील एक संध्याकाळ.

४/ संध्याकाळची सेवा कमअस्सल मानण्याची घाई मात्र करू नये. महाराष्ट्रात तिला शिकागोपेक्षा जुनी परंपरा आहे. १८४८ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थ्यांनी एक साहित्य-विज्ञान सभा काढली. दादाभाई नौरोजी त्यांतले एक. निबंध वाचणे आणि त्यावर वाद घालणे हे सभेचे मूळ काम. पण स्त्रीशिक्षणावर नुसते निबंध किती वाचायचे, असा प्रश्न उभा राहिला आणि १८४९ मध्ये सभासदांनी मराठी व पारशी मुलींसाठी शाळाच उघडल्या. रोजच्या नोकरीपूर्वी, सकाळच्या वेळी, ही विशी-पंचविशीतील मुले विनावेतन शिकवीत. जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारखे धनिक पाठीशी उभे राहिले. वादविवाद मंडळाने शाळा चालवावी, हे दृश्य तेव्हा पुष्कळांना धक्कादायक वाटले होते.

५/ पुढे १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग निघाली. तिचे सूत्रधार ना. म. जोशी हे गोखल्यांच्याच संस्थेचे आजीव सेवक. गिरणगावात रात्रशाळा, वाचनालये, फिरती ग्रंथपेटी अशी कामे लीगने केली. पूर्णवेळ सेवक आणि फावल्या वेळेचे स्वयंसेवक यांचा संयोग येथे साधला गेला. हा संयोग लक्षात ठेवावा. पुढे तो उपयोगी पडेल.

६/ आता रोटरीचे पहिले मोठे सार्वजनिक काम. ऐकून अनेकांना हसू येते, पण ते होते सार्वजनिक स्वच्छतागृह. १९०७ पासून शिकागोच्या रोटरीने महापालिकेकडे त्यासाठी तगादा लावला. विरोध कोणाचा? मद्य उत्पादकांचा आणि मोठ्या दुकानदारांचा. पुरुषांना दारूच्या गुत्त्यात आणि स्त्रियांना दुकानात सोय मिळतेच, मग वेगळे कशाला, असा त्यांचा युक्तिवाद. त्या निमित्ताने गिऱ्हाईक आत येते, हे खरे कारण. अखेर नगरभवनाजवळ स्वच्छतागृह झाले. शंभर वर्षांनंतर मुलींच्या शाळांतील स्वच्छतागृह हाच भारतातील रोटरीच्या शालेय कामाचा एक प्रमुख भाग व्हावा, हा योगायोग इतिहासप्रेमींनी नोंदवून ठेवण्यासारखा आहे.

७/ रोटरी भारतात १९१९ मध्ये कलकत्त्यात आली, मुंबईत १९२९ मध्ये. लायन्सची स्थापना १९१७ ची, अमेरिकेतील. १९२५ मध्ये ओहायोतील अधिवेशनात हेलन केलर यांनी लायन्सना अंधांच्या कैवारासाठी उभे राहण्याचे आवाहन केले. तेव्हापासून नेत्रसेवा हे लायन्सचे जणू कुलव्रत झाले. भारतात लायन्स १९५६ मध्ये आले, तेही मुंबईतच. शाळांतून होणाऱ्या नेत्रतपासणी शिबिरांचे मूळ हे असे थेट केलर यांच्या भाषणाशी जाऊन भिडते. फळा न दिसणारे मूल वर्गात 'ढ' ठरते. चष्मा मिळाला की तेच मूल वाचू लागते. शाळेला मिळणाऱ्या मदतींत एवढ्या थोड्या खर्चात एवढा मोठा फरक क्वचितच कशाने पडत असेल.

८/ १९६२ हे वर्षही महत्त्वाचे. कलकत्त्याचे नितीश लाहिरी त्या वर्षी रोटरी इंटरनॅशनलचे पहिले भारतीय अध्यक्ष झाले आणि त्यांच्याच कारकिर्दीत शाळकरी मुलांसाठी 'इंटरॅक्ट' सुरू झाले. पहिला क्लब फ्लोरिडातील एका शाळेत, त्यामागोमाग तंजावरला. मूल हे मदतीचे केवळ धनी न राहता सभासद होऊ शकते, हा विचार त्यातून पुढे आला.

९/ आणि आता खाडीपलीकडे. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली. ९५ गावांची जमीन आणि ३४४ चौरस किलोमीटरचे नियोजित शहर. नकाशावर प्रत्येक वसाहतीत शाळेचा भूखंड आखलेला होता आणि शिक्षणसंस्थांना तो सवलतीच्या दराने मिळे. १९७३ मध्ये खाडीपूल झाला. वाशीत राहायला आलेल्यांत सातारा-सांगलीकडचे होते, केरळ-तमिळनाडूचे होते, मुंबईच्या चाळीतून आलेले होते. भूखंड आखता येतो. शेजार आखता येत नाही. हॅरिसला शिकागोत जे जाणवले तेच या नव्या रहिवाशांच्याही वाट्याला आले असणार. डॉक्टर, वास्तुविशारद, ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखानदार, पुढे बाजार समितीतील व्यापारी, अशांना क्लबने ओळखीचा एक तयार साचा दिला.

१०/ पण याच भूमीवर दुसरा इतिहासही घडत होता. जमिनी गेलेल्या आगरी-कोळी गावांचा. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना या लढ्यातून आली. शाळांतही ही फाळणी दिसत होती. वसाहतीत संस्थांच्या शाळा, गावात जिल्हा परिषदेच्या. १ जानेवारी १९९२ रोजी महापालिकेचा कारभार सुरू झाला आणि पुढे २९ गावांतील शाळा तिच्याकडे आल्या. गावातील मुलांच्या जोडीला तेथे दगडखाणींवरच्या, नाक्यावरच्या, बांधकामावरच्या मजुरांची मुले येऊन बसली. क्लबची मदत पोहोचली ती मुख्यतः या दुसऱ्या प्रकारच्या शाळेत. देणारा वसाहतीतला आणि घेणारा गावातला, असे हे नाते. त्यातील अवघडलेपण दोन्ही बाजूंना ठाऊक असते, बोलले जात नाही.

११/ मदतीचे स्वरूप परिचित आहे : वह्या, दप्तरे, गणवेश, बाके, संगणक, पाणी शुद्धीकरणाचे यंत्र, दंततपासणी, शिक्षकदिनी सत्कार. यामागे एक मजेशीर कालगणना दडलेली आहे. रोटरी आणि लायन्स दोन्हींचे वर्ष १ जुलैला सुरू होते. महाराष्ट्रातील शाळा बहुतांशी जूनच्या मध्यात उघडतात. नवा अध्यक्ष पदग्रहण करतो तेव्हा शाळा नुकतीच सुरू झालेली असते, म्हणून पहिला उपक्रम वह्यावाटपाचा! अध्यक्ष दरवर्षी बदलतो, त्यामुळे कोणाची मक्तेदारी होत नाही. आणि त्याचमुळे काम बारा महिन्यांत मावेल एवढेच घेतले जाते. बसवलेल्या यंत्राची गाळणी तिसऱ्या वर्षी कोण बदलणार, हा प्रश्न या घटनेतच उगवतो. छायाचित्रात यंत्र येते, गाळणी येत नाही.

१२/ क्लबची दारे स्त्रियांना फार उशिरा उघडली. कॅलिफोर्नियातील एका क्लबने स्त्री-सभासद घेतल्याचा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला, १९८७ मध्ये निकाल क्लबच्या बाजूने लागला आणि १९८९ मध्ये जगभर नियम बदलला. तोवर रोटेरियनांच्या पत्नींनी १९२४ पासून 'इनर व्हील' हे स्वतंत्र घर उभे केले होते.

१३/ सेवाक्लबांची सर्वांत मोठी कामगिरी पोलिओची. १९८५ पासून रोटरीने तो जागतिक कार्यक्रम केला. भारतात १९९५ मध्ये पल्स पोलिओ सुरू झाला, शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी देशाला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. येथे जोशींच्या लीगसारखाच संयोग होता. पूर्णवेळ यंत्रणा शासनाची. निधी, प्रचार आणि रविवारची माणसे क्लबची. क्लबने शासनाची जागा घेतली नाही, म्हणूनच काम तडीस गेले.

१४/ शाळेच्या बाबतीत ही सीमारेषा धूसर आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत मुला-मुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे सुरक्षित पाणी, ग्रंथालय, खेळाचे साहित्य यांची नोंद आहे. शाळांना पूर्ततेसाठी तीन वर्षांची मुदत होती. रोटरीच्या 'हॅपी स्कूल' उपक्रमाची यादी पाहावी : स्वच्छतागृहे, पाणी, ग्रंथालय, खेळाचे साहित्य. म्हणजे कायद्याने जो हक्क ठरवला, तोच मुलापर्यंत देणगी म्हणून पोहोचतो, वर देणाऱ्याच्या नावाच्या पाटीसह. २०१४ पासून कंपन्यांवर सामाजिक खर्चाचे बंधन आल्यावर या कामात उद्योगांचा पैसाही मोठ्या प्रमाणावर येऊ लागला. मुलीला स्वच्छतागृह आज हवे असते, त्यामुळे ते कोणी बांधले यावर भांडत बसणे तिला परवडणारे नाही. पण पाटी वाचणाऱ्याने अनुसूचीही वाचावी.

१५/ त्याच कायद्याच्या कलम २१ ने शासकीय व अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती आणली. किमान तीन चतुर्थांश सभासद पालक, निम्म्या स्त्रिया. नवी मुंबईच्या महापालिका शाळेत तिच्यावर घरकाम करणारी आई असू शकते, खाणीवरचा बाप असू शकतो. या सभेला वर्गणी नाही, बिल्ला नाही, पदग्रहण सोहळाही नाही. शाळेचा विकास आराखडा तयार करण्याचे काम मात्र कलम २२ ने तिच्याकडेच दिले आहे.