चिंपांझींच्या आधी धारवाड

युगांडातल्या किबालेच्या जंगलात वाटाड्यामागून चालायचं आणि चिंपांझी सापडले की तासभर बघायचे. पुण्यातले माझे ट्रेकवाले मित्र सध्या त्याच रील्स बघतायत. मला मात्र आपल्याच बंगळुरू हायवेवरचं धारवाड आठवतं.

१९६१मध्ये क्योटो विद्यापीठाचे युकिमारु सुगियामा तिथं काळतोंड्या वानरांमागे हिंडायला आले. पुढच्या वर्षी त्यांच्या नजरेसमोर बाहेरच्या नरांनी एका टोळीवर हल्ला केला. जुना नर हाकलला गेला, नव्यानं टोळी बळकावली आणि पिल्लं मारली गेली. १९६५मध्ये हे छापून आल्यावर अनेकांना ती विकृती वाटली, गर्दीनं बिघडलेल्या वानरांची. सत्तरच्या दशकात सारा हर्डींनी अबूची वानरं अभ्यासून वेगळं मांडलं: पिल्लू गेलं की आई लवकर गाभण राहू शकते, म्हणजे यात नव्या नराचा फायदा आहे. हिशेब थंड आहे, पण मला तो पटतो.

सुगियामा पुढे आफ्रिकेत गेले, आधी युगांडातल्या बुडोंगोत, मग १९७६पासून गिनीतल्या बोसूत. बोसूचे चिंपांझी दगडानं पामच्या बिया फोडतात. ते रीलवर छान दिसतं. बुडोंगोतल्या एका नरानं चिंपांझीचंच पिल्लू खाल्ल्याची नोंद १९७१ची आहे. तिचं रील कुणी पाठवत नाही.