आडोसा नसलेल्या मुलखातली शिकार : काळवीट, पारधी आणि आपला माळ



गांधीबागेत व्याख्यान आणि विषय काळविटाची शिकार, हे ऐकून काहींना गंमत वाटली असेल. बाहेर कापडाचा बाजार, आणि आत आपण गवताळ माळाबद्दल बोलणार. पण या दोन गोष्टींचा संबंध आहे, आणि चांगला जवळचा आहे. तो शेवटाकडे येईलच. आधी शिकारीचा प्रश्न समजून घेऊ.

प्रश्न अगदी साधा आहे. धनुष्याचा बाण खात्रीने लागायचा तर जनावर तीस-चाळीस पावलांवर यावं लागतं. जंगलात ते जमतं. झाडावर चढून बसता येतं, झुडपाआड दबता येतं, पाणवठ्यावर वाट पाहता येते. पण जिथे झाडच नाही, नजर जाईल तिथवर गुडघाभर गवत आहे, तिथे काय करायचं? काळवीट उघड्यावरच राहतं, कारण त्याचं संरक्षण म्हणजे त्याचे डोळे आणि पाय. माणूस त्याला फार लांबून दिसतो आणि धावण्यात त्याला गाठणारं जनावर आपल्याकडे एकच होतं, चित्ता.

इथे एक खुलासा करू. शास्त्राच्या हिशेबाने काळवीट हे हरीण नव्हे. चितळ-सांबराची शिंगं दरवर्षी गळतात आणि नवी येतात, काळविटाची तशी गळत नाहीत. पण आपल्या बोलीत दोघांनाही हरीणच म्हणतात, तर आपणही अधूनमधून तसंच म्हणू.

हा प्रश्न फक्त आपला नाही, बरं का. अमेरिकेच्या मधल्या गवताळ प्रदेशात आजही परवाना काढून धनुष्याने हरणाची शिकार होते. तिथलं हरीण पांढऱ्या शेपटीचं. मचाण बांधायला झाड नसलं की तिथला शिकारी काय करतो? मक्याच्या उभ्या पिकाच्या कडेला बसतो, हरणाचा पुतळा उभा करतो, दोन शिंगं एकमेकांवर आपटून झुंजीचा आवाज काढतो. आवाज ऐकून माजावर आलेला नर आपण होऊन येतो. त्याही आधी, 1830च्या दशकात, जॉर्ज कॅटलिन या चित्रकाराने तिथल्या मूळ रहिवाशांचं एक चित्र काढलं. त्यात लांडग्याची कातडी पांघरलेले शिकारी गव्यांच्या कळपाकडे रांगत चालले आहेत. लांडगा रोजच्या पाहण्यातला, म्हणून कळप बिचकत नाही. म्हणजे उघड्या मुलखात दोनच उपाय. जनावराच्या ओळखीचं रूप घेऊन आपण जवळ जायचं, नाहीतर त्याला यावंसं वाटेल असं काही करायचं.

आता आपल्याकडे येऊ. हे दोन्ही उपाय आपल्या माळांवर फार जुने आहेत, आणि ते ज्यांना येत होते ते पारधी.

1916 साली आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचा मोठा ग्रंथ आला. मध्य प्रांताची राजधानी हे आपलं नागपूरच. त्या ग्रंथात पारध्यांच्या पोटभेदांची यादी आहे, आणि पोटभेदांची बरीचशी नावं शिकारीच्या पद्धतीवरून पडलेली आहेत. फास लावणारे ते फासेपारधी. चित्ते पकडून शिकवणारे ते चितापारधी. आणि एक नाव आहे ‘गायके’. हे लोक बैलाच्या आडून शिकार करत. माळावर चरणारं गुरं काळवीट रोज पाहतं, त्याची त्याला भीती नाही. शिकारी बैलाला चारत चारत, सरळ न जाता तिरक्या वाटेने, बैलाच्या पावलाला पाऊल लावून पुढे सरकतो. झाड नाही तर बैलच झाड. आडोसा सोबत घेऊन चालायचा!

दुसरी पद्धत त्याहून बारकाईची. विणीच्या काळात काळविटाचा नर माळाचा एक तुकडा आपला मानतो, तिथे लेंड्यांचे ढीग करून हद्द आखतो. त्या हद्दीत परका नर आला की त्याला राहवत नाही, तो अंगावर जातो. मग शिकारी आपलं शिकवलेलं पाळीव काळवीट त्या हद्दीत सोडतो. अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त हे लिहून ठेवलंय. पाळीव हरणाच्या शिंगांना जाळं बांधतात, रानटी हरीण झुंजायला येतं आणि जाळ्यात अडकतं. आणि ही काही मोगलांनी आणलेली युक्ती नव्हे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात मृगयेचं वेगळं प्रकरण आहे, आणि पाळीव हरणाकरवी रानटी हरणाला भुलवणं त्यातही येतं. म्हणजे महाराष्ट्र-कर्नाटकाच्या या पठारावर ही विद्या निदान नऊशे वर्षं लेखी नोंदलेली आहे.

तिसरी पद्धत फासांची. कळप कोणत्या वाटेने पळेल हे आधी ओळखायचं, त्या वाटेवर दोरीला बांधलेल्या फासांची रांग जमिनीलगत लावायची, आणि मग मागून हळूहळू, घाई न करता, कळप त्या दिशेला वळवायचा. घाई केली की कळप फुटतो. यात धनुष्यबाण कुठेच नाही, बघा. बाण जिथे पोचत नाही तिथे जनावराची सवय कामाला येते.

फासाची आणखी एक गोष्ट. गोळी किंवा बाण लागल्यावर निवड उरत नाही. फासात जनावर जिवंत सापडतं, ठेवायचं की सोडायचं हे नंतर ठरवता येतं. माधव गाडगीळ आणि कैलास मल्होत्रा यांनी महाराष्ट्रातल्या भटक्या जमातींच्या शिकारीचा अभ्यास केला. त्यांच्या लेखनात असं येतं की फासेपारधी फासात आलेली पाडसं आणि गाभण माद्या परंपरेने सोडून देत. त्यांनी असंही दाखवलं की एकाच भागात फिरणाऱ्या जमातींनी जनावरं जणू वाटून घेतली होती. फासेपारध्यांकडे काळवीट आणि पक्षी, तर नंदीवाल्यांकडे कुत्र्यांच्या मदतीने रानडुक्कर आणि साळिंदर. याचा अर्थ सगळे पारधी साधू होते असा नाही. पोटासाठीच शिकार होती. पण उद्याही याच माळावर पोट भरायचंय हे त्यांना कळत होतं.

आता चौथी पद्धत, आणि इथून गोष्ट वळण घेते. संस्थानिक चित्त्याकरवी काळवीट मारत. कोल्हापूर संस्थान त्यासाठी प्रसिद्ध होतं. चित्त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला बैलगाडीवर बसवत आणि गाडी कळपाजवळ नेत. बैलगाडीच का? तर तिला काळवीट भीत नाही म्हणून! म्हणजे गायके पारध्याचं जे तंत्र, तेच राजाचं. चित्ता पकडणारा, शिकवणारा माणूसही बहुधा पारधीच. फरक एवढाच की राजाच्या बाजूने तो ‘शौक’ ठरला, आणि पारध्याच्या बाजूने पुढे गुन्हा.

1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. तो आधी उत्तर हिंदुस्थानापुरता होता. 1911च्या कायद्याने तो सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानात लागू करता येऊ लागला, आणि अनेक ठिकाणी पारध्यांची नावं त्या याद्यांत गेली. हातांचे ठसे, हजेरी, गाव सोडायला परवानगी. जो माणूस कळपामागे फिरूनच जगतो त्याला हजेरी लावणं म्हणजे त्याचा धंदा बंद करणं. स्वातंत्र्यानंतर 31 ऑगस्ट 1952ला तो कायदा गेला. कागदावरून गेला, लोकांच्या नजरेतून गेला का, हे आपण प्रत्येकाने स्वतःला विचारावं. 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, काळवीट पहिल्या अनुसूचीत गेलं. शिकार बंद झाली, आणि ती बंदच राहायला हवी, यात आमच्या मनात किंतु नाही. पण ज्यांचं पोट त्यावर होतं त्यांनी दुसऱ्या दिवशी काय करायचं, हे त्या कायद्याने सांगितलं नाही.

मग काळवीट कमी झालं ते पारध्यांच्या फासांनी का? शेकडो वर्षं फास होते आणि कळपही होते. फासांच्या जोडीला आधी साहेबांची बंदूक आली, मग जीपगाडी आणि रात्रीचा प्रकाशझोत. पण सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे माळच गेला. आणि इथे आपण परत गांधीबागेत येतो.

1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध झालं. तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून वऱ्हाडच्या कापसाला भाव आला. 1867 साली रेल्वे नागपूरला पोचली. 1 जानेवारी 1877ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल इथे सुरू झाली. काळ्या मातीच्या सपाटीवर जिथे नांगर चालेल तिथे कापूस आला. आपल्या या बाजारातलं कापड ज्या सुताचं, त्याच्या मुळाशी एकेकाळचा गवताळ माळ आहे. यात दोष कोणाचा? शेतकऱ्याचा तर नाहीच. पण हिशेबात माळाची बाजू कधी मांडलीच गेली नाही. महसुलाच्या दप्तरात तो ‘पडीक’. विदर्भात उरलेल्या चराईच्या जमिनीला आपण ‘ई क्लास’ म्हणतो. पारध्यांचे बेडे बरेचसे त्याच जमिनीवर आहेत. पडीक जमीन आणि गुन्हेगार जमात, दोन्ही शिक्के एकाच काळातल्या दप्तरांनी पक्के केले.

जंगल तुटलं म्हणून माळ झाला, असं आपल्याला शाळेपासून वाटत आलंय. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी 2025 साली एक छान काम पुढे आणलं. तेराव्या शतकापासूनच्या मराठी ग्रंथांतले आणि लोकगीतांतले झाडांचे, गवताचे उल्लेख त्यांनी तपासले, आणि पश्चिम महाराष्ट्रातले हे विरळ झाडांचे माळ शेकडो वर्षांपूर्वीही माळच होते असं दाखवलं. म्हणजे तिथे झाडं नसणं ही उणीव नव्हती, तो त्या जमिनीचा स्वभाव होता. अशा माळावर खड्डे खणून दाट झाडी लावली तर आपण काळविटाचं घर सुधारत नाही, मोडतो. कारण त्याला लपायला झाड नको, लांबवर पाहायला मोकळीक हवी. ही गोष्ट गायके पारध्याला कोणी शिकवावी लागली नसती.

आज राखीव काय आहे? अहिल्यानगर जिल्ह्यात रेहेकुरी, 1980चं अभयारण्य, जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटर. वाशीम जिल्ह्यात कारंजा-सोहोळ, 2000 सालचं, सुमारे अठरा चौरस किलोमीटर. बाकी काळवीट राहतं ते शेतात, ई क्लासवर, कालव्याच्या कडेला. तिथे ते पीक खातं, शेतकरी चिडतो, आणि त्याचंही चुकत नाही.

तेव्हा आमचं म्हणणं एवढंच. कळप कुठून येतो, कोणत्या वाटेने पळतो, मादी पाडस कुठे लपवते, हे पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेली माणसं अजून बेड्यांवर आहेत, पण ती म्हातारी होत चालली आहेत. मारण्यासाठी मिळवलेली ही माहिती आता राखण्यासाठी लागणार आहे. माळाची गणना करताना, कुठे झाडं लावायची आणि कुठे नाही हे ठरवताना, शेतातून कळप न दुखावता वळवताना, या माणसांना बोलवा. आणि चहा पाजून, माहिती घेऊन परत पाठवू नका, कामाची मजुरी द्या, नोंदीत त्यांचं नाव घाला. आजवर सरकारी कागदावर पारध्याचं नाव आलं ते बहुतेक संशयित म्हणून. ते एकदा जाणकार म्हणून यावं.

इतकं बोलून थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.